मागच्या सीटची पंचायत

"काल संध्याकाळी तुमच्या गाडीची चारही दारं सताड उघडी, आत आत्यांचे जावई पालथे पडलेले, बाहेर काका मोजपट्टी घेऊन उभे. काय गं, काही हरवलं होतं का?"

वहिनींच्या हातात कढीपत्त्याची डहाळी होती. झाड त्यांचं, निम्म्या फांद्या आमच्या बाजूला, आणि मधली कंपाऊंडची भिंत कोपर टेकायला अगदी बेताची. या भिंतीशी कढीपत्ता खुडायला येणारं माणूस कढीपत्त्यासाठी येत नाही, हे आमच्या गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

"हरवलं काही नव्हतं, बसत नव्हतं," मी म्हटलं. "मुलांच्या बूस्टर सीट. आत्यांची लेक आणि जावई आलेत ना एडिसनहून, नाताळच्या सुट्टीला. येताना दोन्ही पोरांच्या सीट घेऊन आलेत."

"अगंबाई! जाताना किलोभर मेतकूट बॅगेत मावत नाही यांच्या, आणि येताना खुर्च्या?"

"मुलांची सीट बऱ्याच विमान कंपन्या फुकट नेतात. आणि त्यांना सवय झालीय हो. न्यू जर्सीत कायदाच आहे, आठ वर्षांच्या आतलं आणि ५७ इंचांहून बुटकं मूल नुसत्या पट्ट्यावर बसवायचं नाही."

"तिथे असेल. इथे कोण बघतंय?"

"कायदा इथेही आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये नीट बांधलेलं नसेल, तर हजार रुपये दंड."

"झालेला ऐकलायस कुणाला?"

नाही ऐकलेला. मी तसं म्हटल्यावर वहिनींच्या चेहऱ्यावर बाजी मारल्याचं समाधान पसरलं, पण त्या हलल्या नाहीत. गॅसवर काही नसणार.

"मला एक सांग, बूस्टर म्हणजे नेमकं काय? आमच्या चिनूला तान्ही असताना उलटं तोंड करून बसवायचे, तीच का ही?"

"ती वेगळी. तिला स्वतःचे पट्टे असतात. बूस्टरला स्वतःचा पट्टा नसतो. गाडीतला आपला मोठ्यांचा पट्टाच मुलाला लावायचा. बूस्टर फक्त मुलाला उचलून अशा जागी बसवतो, की तो पट्टा हाडांवर यावा."

"हाडांवर?"

"कमरेचा पट्टा मांड्या जिथे सुरू होतात तिथे, कमरेच्या हाडांवर. खांद्याचा पट्टा खांद्याच्या मधोमध, छातीवरून तिरका. मूल तसंच सीटवर बसवलं तर काय होतं, त्याचे गुडघे सीटच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. मग पाय दुमडता यावेत म्हणून ते पुढे घसरतं. घसरलं की खालचा पट्टा चढतो पोटावर आणि वरचा घासतो गळ्याला. गळ्याला टोचतो म्हणून पोरं तो काखेतून घेतात, नाहीतर सरळ पाठीमागे टाकून देतात. आणि मग जोराचा ब्रेक किंवा धडक बसली, की सगळा भार पोटावर. कमरेचं हाड जो दणका सोसतं, तो आतड्यांना सोसत नाही."

वहिनींनी डहाळी भिंतीवर ठेवली. आता बैठक बसली.

"एवढंच असेल तर सोफ्यावरची उशी द्यावी ठेवून."

"उशी दबते, सरकते, आणि नेमक्या त्या क्षणी मुलाच्या खालून निसटते. बूस्टर टणक असतो आणि त्याला दोन्ही बाजूंना खोबणी असतात. त्या खोबणींमधून पट्टा घेतला की तो खाली, मांड्यांशी धरलेला राहतो. व्होल्वोने १९७८ साली पहिल्यांदा असा बूस्टर काढला. १९९० मध्ये तर त्यांनी तो मागच्या सीटमध्येच लपवून दिला, हवा तेव्हा उलगडायचा. सीट गाडीचीच, म्हणजे ती गाडीत बसते की नाही हा वादच मिटला. बाकी दुनियेला तो वाद घालावा लागतो. कालचा त्यातलाच."

"सांग मग नीट. पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे असं. आत्यांची नात सात वर्षांची, उंची ११८ सेंटिमीटर. नातू साडेचार वर्षांचा, १०४. नातीचा बूस्टर पाठ नसलेला, नुसती बैठक आणि दोन हात. नातवाचा उंच पाठीचा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख, शिवाय पाण्याची बाटली ठेवायला दोन कप्पे. एडिसनच्या त्यांच्या प्रशस्त गाडीत दोन्ही झकास बसतात, पोरगी स्वतःचा पट्टा स्वतः लावते. जावयांनी ते अभ्यास करून घेतलेले. अमेरिकेत विमा कंपन्यांची एक संस्था आहे, २००८ पासून ती बूस्टरना शेरे देते: कोणत्या बूस्टरवर गाडीचा पट्टा मुलाच्या अंगावर बरोबर पडतो, कोणत्यावर नाही. जावयांचे दोन्ही बूस्टर वरच्या श्रेणीतले. विमानतळावरून आल्या दिवशी त्यांनी ते आत्यांच्या गाडीत ठेवले आणि हात झटकले.

आत्यांची गाडी म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. बारा-तेरा वर्षांची हॅचबॅक. मंडई आणि देऊळ यांच्या पलीकडे तिने फारसं जग पाहिलेलं नाही.

"बूस्टर ठेवला आणि नात चढली," मी सांगत होते, "आणि दोन मिनिटांत रडायला लागली. 'आजी, क्लिकच होत नाहीये!' कारण काय, तर त्या गाडीत मागच्या पट्ट्याचं बकल सीटच्या फटीत बुडालेलं असतं, आणि त्याची दोरी आखूड. बूस्टरची कड बरोबर त्याच्यावर येते. आईने हात खुपसला, तिचं नख मोडलं. आत्यांनी प्रयत्न केला, त्यांच्या बांगड्या अडकल्या."

"मग?"

"मग जावयांनी बूस्टर चार बोटं दाराकडे सरकवला. बकल लागलं. सगळ्यांनी हुश्श केलं. पण काका म्हणाले, पोरगी वाकडी का दिसतेय? बघतो तर खरंच. बूस्टर दाराला चिकटलेला, सीटच्या उंचवट्यावर एक बाजू चढलेली, आणि पट्टा एका बाजूने खोबणीत बसला होता, दुसऱ्या बाजूने बूस्टरच्या हातावरून गेलेला. म्हणजे कमरेवर नाहीच, पोटावर. आणि बकल मोकळं उभं राहायला हवं ते बूस्टरच्या हाताखाली आडवं दाबलेलं."

"जावयांना कुणी सांगितलं?"

इथे वहिनींचा आवाज एक पट्टी खाली आला. खरी बातमी ती होती.

"कोण सांगणार? आत्या मला खुणा करतायत. लेक मोबाईलमध्ये बघतेय. शेवटी काका म्हणाले, 'जावईबापू, तुमच्या सीटमध्ये काही खोट नाही, आमची गाडी नालायक आहे.' त्यावर जावई खुश. आणि गंमत म्हणजे काका बोलले ते जवळजवळ खरंच होतं. त्या शेऱ्यांमध्ये पट्टा साधारण गाड्यांमध्ये कसा पडतो ते बघतात. आत्यांच्या गाडीचं बकल फटीत किती बुडालंय, हे अमेरिकेत बसून कोण बघणार? त्या यादीत मधला एक शेरा तर असाच आहे, की गाडीत लावून तपासा. मला विचाराल तर तो प्रत्येकच बूस्टरवर छापायला हवा."

"म्हणजे महागाचा घेऊनही उपयोग नाही."

"महागाचा वाईट नसतो. पण आपल्या गाडीला काय चालेल ते किमतीवर लिहिलेलं नसतं. पुढे ऐका तरी. बकलाचं एक झालं. दुसरं डोक्याचं. बूस्टरवर बसली की पोरगी उंच होते, बरोबर? आत्यांच्या गाडीत मागच्या सीटची पाठ बुटकी, डोक्याचा टेकू असा वेगळा नाहीच, पाठीलाच जरासा फुगवटा. काकांनी मोजपट्टी लावली. पोरीचे कान सीटच्या वर. कान वर म्हणजे मागून कुणी ठोकलं तर मान मागे झुकायला पूर्ण मोकळी. अशा गाडीत पाठ नसलेला बूस्टर चालतच नाही, उंच पाठीचाच हवा."

"मग त्या धाकट्याचा द्यायचा तिला."

"दिला की! तोच पुढचा प्रयोग. तर त्याची पाठ त्या फुगवट्यावर आपटून पुढे आली, मागे हात जाईल एवढी पोकळी. शिवाय ते पाणी ठेवायचे कप्पे. दोन्ही बूस्टर शेजारी ठेवले तर मधे आत्यांना बसायला वीतभर जागा. आणि मधल्या जागेला पट्टा नुसता कमरेचा, जुन्या गाड्यांत असतो तसा. बूस्टरला तर खांद्याचा पट्टा लागतोच लागतो, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर ठेवायचा नाही, म्हणजे पोरांनाही मधे हलवता येईना."

वहिनी क्षणभर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपल्या वेळी काय होतं गं यातलं?"

हे वाक्य काल काकांनीही म्हटलं होतं, जरा जोरात. "मी हिच्या मांडीवर दोन पोरं देऊन फियाटमधून महाबळेश्वर केलंय. पसरणीच्या घाटातून. कुणाला काही झालं नाही." त्यांनी तीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात काढलेली, त्यामुळे त्यांच्या वाक्यापुढे कुणी सहसा बोलत नाही. पण त्यांनाच आपलं वाक्य पुरलं नाही. शब्दकोड्याच्या कडेला पेनाने आकडे मांडले: ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण चौदा मीटर, त्याचा वर्ग, भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट. उत्तर आलं जवळजवळ दहा मीटर. म्हणजे पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी जागच्या जागी थांबली, तर मांडीवरचं पोर तिसऱ्या मजल्यावरून पडावं त्या वेगाने पुढे जातं. काकांनी कोडं घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "चला, यांच्या गाडीत लावून बघू." यांच्या म्हणजे आमच्या.

"आणि म्हणून तुमची दारं उघडी."

"म्हणून. आमच्या गाडीला मागे दोन्ही कडेच्या जागांना आयसोफिक्स आहे, म्हणजे सीटच्या फटीत लोखंडी आकडे, त्यात मुलांची सीट अडकवायची. पण ते सापडेनात! कारण गाडी घेतली त्या दिवशी ह्यांनी हौसेने जाड कव्हर शिवून घेतलं. रेक्झिनचं, मधे फोम, नक्षी. त्याच्याखाली आकडे गाडलेले. जावई पालथे पडले होते ते त्या कव्हरचे हुक सोडवायला. फटीत आधी शेंगदाणे निघाले, मग चिक्कीचा कागद, दोन रुपयांचं नाणं, आणि मग ते आकडे, बोटाला थंड लागले."

"ते कव्हर किती हजारांचं गं?"

"विचारू नका. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण वहिनी, कव्हर काढल्यावर फरक कळला. रेक्झिनवर बूस्टर साबणाच्या वडीगत सरकत होता. मूळ कापडावर जागचा हलेना. आणि फोमच्या उंचवट्यामुळे डुगडुगत होता तेही थांबलं. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर कव्हर तिथे कसं शिवलंय तेही बघावं लागतं म्हणे, नाहीतर एअरबॅग आतच घुसमटायची. हौसेला मोल नाही, पण ही हौस महाग आहे."

"मग तुमच्यात बसले दोन्ही?"

"नातीचा चपखल. आमच्या बकलाचा दांडा ताठ आणि सीटच्या वर आलेला, पोरीने एका हाताने लावला. डोक्याचा टेकू वर ओढता येतो, तो कानांच्या वर आणला. पट्टा बघितला: कमरेच्या हाडांवर, खांद्याच्या मधोमध. तिला म्हटलं पुढे वाक, मागे टेक. पट्टा तिच्याबरोबर गेला आणि परत आला. नातवाच्या बाबतीत जरा नाटक झालं. आधी डोक्याचा टेकू मधे येत होता, तो काढूनच ठेवला, त्याच्या बूस्टरला स्वतःची पाठ आहे म्हणून चाललं. ती पाठ सीटला नीट टेकली. पण आकड्यांना हुक लावले, की बूस्टर आतल्या बाजूला ओढला जाऊन बकलावर येई."

"पुन्हा तेच!"

"पुन्हा तेच. जावयांनी माहितीपत्रक काढलं. त्यात लिहिलेलं, हुक लावणं सक्तीचं नाही. खरंच आहे, बूस्टरमध्ये मुलाला धरतो तो पट्टाच. हुक फक्त बूस्टर जागेवर राहावा म्हणून. मूल नसताना रिकामा बूस्टर ब्रेकसरशी पुढच्याच्या डोक्यात येऊ नये, हा त्याचा खरा फायदा. हुक नसतील तर मूल उतरल्यावर रिकाम्या बूस्टरवरून पट्टा लावून ठेवायचा, झालं. हुक सोडले, बूस्टर मधोमध आला, बकल मोकळं. मग खांद्याजवळचा तो लाल चाप, ज्यातून पट्टा ओवतात, तो बघितला. तो मुलाच्या खांद्याच्या जरासा वर हवा. आणि पट्टा त्यातून सुळकन परत जायला हवा. काही गाड्यांत पट्टा दाराच्या खांबावरून इतका पुढून येतो, की त्या चापात अडकून बसतो. पोर वाकलं, पट्टा सैल झाला, आणि सैलच राहिला. आमच्या उजव्या बाजूला थोडा अडकत होता, डाव्या बाजूला नाही. पोरांच्या जागा बदलल्या."

"म्हणजे एकच गाडी, आणि दोन खिडक्यांना दोन तऱ्हा?"

"हो ना! मलाही कालच कळलं."

वहिनींनी आता भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. मागून त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. त्यांनी मान वळवली नाही. म्हणजे गॅसवर काहीतरी होतं तर.

"मग दापोलीच्या सहलीला तुमची गाडी नेणार?"

हा प्रश्न मी टाळत होते. दापोलीला जायची माणसं सहा: आत्या, काका, लेक, जावई, दोन पोरं. सहा माणसं पाच जणांच्या गाडीत कोंबायची नाहीत, हे काल रात्री दहा वाजता सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. मग सात जणांची भाड्याची गाडी ठरली. म्हणजे तिसरी गाडी, तिसरी सीट, तिसरं बकल.

"काकांनी गाडीवाल्याला सांगितलं, आदल्या दिवशी गाडी दाराशी आण. तो म्हणाला, आजपर्यंत असं कुणी सांगितलं नाही. पण आणली आज सकाळी. तुम्ही भाजीला गेला होतात."

"शी! नेमकी मी नव्हते."

"दोन्ही बूस्टर मधल्या रांगेत खिडक्यांशी बसले, छान. पण मागच्या रांगेत जायला मधली सीट दुमडावी लागते, आणि बूस्टर पट्ट्याने बांधलेला, सीट दुमडणार कशी? आत्या गुडघ्यांनी आधीच हैराण, त्या बूस्टरवरून उडी मारणार आहेत का? मग नातू मागच्या रांगेत आणि आत्या मधे, असं करून बघितलं. तिथे मागच्या सीटची पाठ इतकी उभी की बूस्टरची पाठ टेकेना, आणि छतही जवळ. शेवटी मधल्या रांगेत दोन बूस्टर आणि मधे त्यांची आई, मागे जावई आणि काका डिकीच्या दारातून चढणार, आणि आत्या पुढे चालकाशेजारी."

"जावई डिकीतून?" वहिनींचे डोळे चमकले. ही बातमी दुपारपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचणार होती.

"स्वतःच म्हणाले हो, मी जातो म्हणून. चांगला माणूस आहे. आणि ऐका, मागे समोरासमोर आडवी बाकडी असलेली गाडी आधी येणार होती. ती काकांनी नाकारली. आडव्या बाकड्यावर बूस्टर ठेवायचाच नसतो. तो पट्टा समोरच्या धक्क्यासाठीच बनवलेला."

"चालकाने पट्टा लावला होता का?"

वहिनींचा नेम कधी चुकत नाही. चालकाच्या बकलात पट्टा नव्हता, नुसती क्लिप होती. बीप बंद करायची चकती, गणपतीच्या स्टिकरसकट. काकांनी ती उपसून त्याच्या हातात दिली. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या मे महिन्यात ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच बड्या कंपन्यांना त्या क्लिपा विकायला बंदी केली, तेरा हजारांवर जाहिराती काढायला लावल्या. पण रस्त्याकडेच्या टपरीवर कोण जाऊन बघणार?

"ते उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले ना पालघरजवळ, सूर्या नदीच्या पुलावर," वहिनी म्हणाल्या, "तेव्हा आमचे हे पंधरा दिवस मागे बसून पट्टा लावायचे."

"सप्टेंबर २०२२. मागे बसलेले दोघं गेले, दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलेलं. मग मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला."

"पंधरा दिवस लावायचे," वहिनी पुन्हा म्हणाल्या, आणि विषय आपल्या घराकडे वळलाय हे लक्षात येऊन त्यांनी तो चिनूवर नेला. "आमची चिनू आठची झाली. तिचं सुटलं ना आता हे सगळं?"

"उंची किती?"

"शाळेत लिहून दिलीय, १२६."

"मग कुठलं सुटतंय? आपला पट्टा नीट बसायला साधारण १४५ सेंटिमीटर उंची लागते. चार फूट नऊ इंच. बऱ्याच मुलांना ती दहाव्या-अकराव्या वर्षी येते, काहींना बाराव्या. इंग्लंडात १३५ सेंटिमीटर किंवा बारा वर्षं धरतात, जर्मनीत दीडशे. मी म्हणते वय आणि आकडा राहू दे, तिला गाडीत बसवून बघा. पाठ पूर्ण मागे टेकवून गुडघे सीटच्या कडेवर दुमडतात का? कमरेचा पट्टा हाडांवर आहे का? खांद्याचा गळ्यापासून लांब आहे का? आणि ती झोप लागल्यावरही तशीच राहते का? यातलं एक जरी जमलं नाही, तरी बूस्टर हवा. आणि एका गाडीत जमलं म्हणून दुसरीत जमेल असं नाही. तुमच्या मुलाच्या गाडीची सीट खोल आहे, तिथे तर ती घसरणारच."

"पण मैत्रिणींसमोर बूस्टर म्हणजे बाळासारखं वाटतं तिला."

"१२५च्या वर आहे ना, मग पाठ नसलेला चालेल, फक्त तुमच्या गाडीचा डोक्याचा टेकू कानांच्या वर जायला हवा. युरोपातले नवे नियम असेच उंचीवर आहेत: १०० सेंटिमीटरपासून पाठीचा, १२५च्या पुढे बिनपाठीचा. इथल्या दुकानांतही युरोपच्या लेबलाचे मिळतात, नारिंगी कागद चिकटवलेला असतो, गोलात 'ई' अक्षर आणि देशाचा आकडा. लेबलच नसेल तर घेऊ नका. ऑनलाइन ज्या कापडी पिशव्या आणि पट्टा खाली ओढायचे चिमटे विकतात, त्यांना तर हातही लावू नका."

"आमच्या नणंदेच्या घरी माळ्यावर एक पडलाय, फुकट देईल."

"त्यांची गाडी मागे ठोकली होती ना सातारा रस्त्यावर? तो बूस्टर तेव्हा गाडीत होता का, ते विचारा आधी. होता तर नको. शिवाय खाली तारीख छापलेली असते, प्लास्टिकचंही वय होतं."

वहिनी विचारात पडल्या. नणंदेला नाही म्हणायला हे कारण उत्तम आहे, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात त्यांच्या कुकरची पुढची शिट्टी झाली आणि आतून कुणीतरी "आई!" म्हणून हाक मारली.

"आले रे! अगं, रविवारी येशील का आमच्याबरोबर दुकानात? चिनूलाही घेते आणि गाडीही नेऊ. तू जरा बकल बघ."

"येते. पण दुकानात शिरायच्या आधीच विचारायचं, खोक्यातून काढून गाडीत लावून बघू देणार का म्हणून."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर पुढचं दुकान."

"कढीपत्ता घे तुला थोडा," असं म्हणत वहिनींनी अख्खी डहाळी माझ्या हातात कोंबली आणि त्या आत पळाल्या. स्वतःला एक पानही घेतलं नाही त्यांनी.